रमोन्स ते बाख: एकाच प्रोड्युसरला दोन्ही कसं जमलं?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. तू पुण्यात चार-पाच वर्षं पंक आणि हार्डकोर बँड रेकॉर्ड करतोयस, बहुतेक सगळं गॅरेजमध्ये नाहीतर कुणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीत, आणि आता पणजीकडच्या एका स्ट्रिंग क्वार्टेटने (दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो) तुला विचारलंय की आमचं रेकॉर्डिंग करशील का, एका जुन्या चॅपलमध्ये, दोन दिवस. मित्र म्हणाले हे तुझं काम नाही, तोंडावर पडशील. मग कुठेतरी तू क्रेग लिऑनचं नाव वाचलंस, की ज्याने रमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडचा पहिला अल्बम केला तोच पुढे ऑर्केस्ट्रा घेऊन बाखचं संगीत करायला बसला, आणि आता तुला कळेना की ही दोन कामं मुळात एकच आहेत की तो माणूसच काहीतरी वेगळा होता.

मी मुंबईत २७ वर्षं हेच करतोय. नाट्यसंगीत, कीर्तन, जाहिरातींच्या जिंगल्स, ख्यालाच्या मैफली, मधे दोन-तीन मेटल बँड पण केलेत, त्यामुळे तुझी भीती मला ओळखीची आहे.

काम एकच आहे. पण लोक सांगतात त्या कारणासाठी नाही. 'संगीताला सीमा नसतात' वगैरे समारंभात हार घालताना बोलायला ठीक आहे, माइक लावताना त्याचा काडीचा उपयोग नाही. खरं कारण साधं आहे, ते म्हणजे पंक बँड आणि क्वार्टेट दोघंही गाणं घरून पूर्ण बसवून येतात, एका खोलीत एकत्र वाजवतात, आणि तुझ्याकडे वेळ आणि पैसे कमी असतात. स्टुडिओत गाणं 'बनत' नाही, ते बनूनच आलेलं असतं, तू फक्त ते हाताळताना मोडायचं नाही. याच्या उलट सत्तरच्या दशकातला मोठ्या बजेटचा रॉक घे नाहीतर आजचं पॉप घे, तिथे एकेक थर लावत महिनोन्महिने गाणं रचलं जातं, आज ढोल उद्या कोरस परवा अजून एक कोरस. ते काम खरं वेगळं आहे. म्हणजे तुझ्या डोक्यात पंक एका टोकाला आणि क्लासिकल दुसऱ्या टोकाला आहे ना, रेकॉर्डिंगवाल्याच्या नकाशावर ते दोघं शेजारी राहतात.

आता लिऑन. जन्म १९५२, मायामीचा. विशीत असतानाच न्यूयॉर्कला सायर रेकॉर्ड्समध्ये लागला, कंपनीसाठी नवे बँड हुडकायचं काम. तेव्हा बाउरी भागातल्या सीबीजीबी नावाच्या बारमध्ये हे सगळे बँड वाजवायचे (गंमत म्हणजे त्या नावातली अक्षरं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज यांची, त्यातलं काहीच तिथे टिकलं नाही). रमोन्स तिथे उभे राहायचे आणि वीसेक मिनिटांत डझनभर गाणी उडवून मोकळे व्हायचे. बऱ्याच लोकांना ते ऐकून वाटलं ह्यांना वाजवता येत नाही. लिऑनला ऐकू आली ती शिस्त. हा फरक नीट लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं यातून निघतं.

फेब्रुवारी १९७६ मध्ये पहिला अल्बम रेकॉर्ड झाला. खर्च साधारण ६,४०० डॉलर. वाद्यं ३ दिवसात, गायन ४ दिवसात, संपला विषय. १४ गाणी, एकूण २९ मिनिटं. आणि जागा कुठली, तर प्लाझा साउंड, म्हणजे रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा स्टुडिओ, गॅरेज नाही, तळघर नाही. रेडिओच्या जमान्यातली खोली, अख्खा वाद्यवृंद मावेल एवढी. लोकांच्या मनात पंक म्हणजे चार भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवलेली खोली असं चित्र असतं, आणि त्या चळवळीची सगळ्यात जास्त नक्कल झालेली रेकॉर्ड जन्मली ती असल्या खोलीत. माइक लावायची पद्धतही बरीचशी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करतात त्या वळणाची होती.

तुला एक करून बघायला सांगतो, वाचत असशील तर थांब आणि खरंच कर. तो अल्बम लाव, हेडफोन घाल, आणि एका कानाचा काढ. गिटार गायब होईल, नाहीतर बेस गायब होईल, कुठला कान काढलास त्यावर. एका बाजूला फक्त बेस, दुसऱ्या बाजूला फक्त गिटार, मधे ड्रम आणि जोई रमोनचा आवाज. साठच्या दशकातल्या सुरुवातीच्या स्टिरिओ रेकॉर्ड्ससारखं, बीटल्सच्या वगैरे. १९७६ मध्ये असं क्वचितच कोणी करायचं, तेव्हा सोळा नाहीतर चोवीस ट्रॅक असायचे आणि गिटार दोनदा-चारदा वाजवून दोन्हीकडे पसरायची फॅशन होती.

का केलं असेल? माझ्या कानाने मी सांगतो. जॉनी रमोन फक्त कॉर्ड वाजवतो, सगळे खालच्या दिशेचे फटके, सोलो जवळपास नाहीच. डी डी बेसवर त्याच कॉर्डचे मूळ सूर, त्याच लयीत. म्हणजे दोन वाद्यं जवळजवळ एकच गोष्ट बोलतायत. मधे एकत्र टाकलीस तर चिखल होतो, आणि त्या चिखलात गायकाचे शब्द बुडतात. बाजूला केलीस की मधे एक मोकळी जागा उरते आणि तिथे आवाज उभा राहतो, स्पष्ट, एकटा. ही मिक्सिंगची युक्ती नाहीये, ही अरेंजरची, म्हणजे कुठल्या वाद्याने कुठे काय वाजवायचं ते ठरवणाऱ्याची, बुद्धी आहे. ऑर्केस्ट्रात पहिली व्हायोलिनं डावीकडे आणि चेलो उजवीकडे का बसवतात याचा ज्याने कधी विचार केलाय त्यालाच हे सुचतं.

आणि तो अल्बम काही 'बटण दाबलं आणि वाजवलं' असा नाहीच. त्यातल्या एका हळव्या प्रेमाच्या गाण्यात मागे ग्लॉकनस्पील आणि ट्यूब्युलर बेल्स आहेत, बारा तारांची गिटार आहे. 'लेट्स डान्स'मध्ये त्या इमारतीतला वुर्लित्झर पाइप ऑर्गन आहे, तो लिऑनने स्वतः वाजवलाय. बहुतेक लोकांनी हे कधी ऐकलेलंच नसतं, कारण ते इतकं खाली ठेवलंय की ते ऐकू येत नाही, नुसतं जाणवतं. काढून टाकलं तर गाणं बारीक वाटेल आणि का ते कळणार नाही. आपल्याकडे तानपुऱ्याचं तेच आहे ना.

ती रेकॉर्ड विकली मात्र गेली नाही. बिलबोर्डवर १११ व्या नंबरपर्यंत पोचली, आणि अमेरिकेत तिला गोल्ड मिळालं २०१४ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी, तोपर्यंत मूळ चौघांपैकी फक्त ड्रमर टॉमी जिवंत होता आणि तोही त्याच वर्षी गेला. हे यासाठी सांगतोय की 'क्लासिकलला पैसे नाहीत' ही जी तुझ्या मित्रांची दुसरी हरकत आहे ना, पंकला कुठे होते.

पुढच्याच वर्षी, १९७७, त्याने सुइसाइड नावाच्या दोघांचा पहिला अल्बम केला, मार्टी थाऊबरोबर. अॅलन व्हेगा गायला, मार्टिन रेव्ह कीबोर्ड आणि एक स्वस्तातलं रिदम मशीन. गिटार नाही, ड्रमर नाही. इथे रमोन्सची युक्ती चालणार नव्हती कारण बाजूला करायला काही नव्हतंच, सगळं मिळून दीड आवाज. मग त्याने डिले आणि एको हे तिसरं वाद्य म्हणून वापरलं, जमैकातले डबवाले (रेगे गाण्यांवर एकोचे खेळ करणारे) करतात तसं. त्याआधी बॉब मार्ली आणि ली पेरी या जमैकाच्या मंडळींबरोबर गायिका मार्था व्हेलेझच्या अल्बमवर तो होता, तिथून हे त्याच्या कानात बसलेलं. मला या माणसाबद्दल आदर आहे तो खरं म्हणजे इथे. रमोन्सचा फॉर्म्युला हातात असताना पुढच्या बँडला तो लावला नाही. आपण सगळे लावतो. एक स्नेअर चांगला वाजला की पुढची दोन वर्षं सगळ्यांना तोच स्नेअर.

ब्लाँडीच्या सुरुवातीच्या कामातही तो होता आणि मग २३ वर्षांनी १९९९ मध्ये तोच बँड परत एकत्र आला तेव्हा अल्बम त्यानेच केला, त्यातलं 'मारिया' इंग्लंडात एक नंबरला गेलं. नव्वदीच्या सुरुवातीला द फॉल या इंग्लिश बँडबरोबर पण काम. ते मी पटकन पुढे ढकलतो, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मधल्या एका विचित्र रेकॉर्डमध्ये आहे.

१९८१ मध्ये त्याने स्वतःच्या नावावर 'नॉमोस' काढली, नुसते सिंथेसायझर आणि ड्रम मशीन, तीही गिटारवादक जॉन फेहीने सुरू केलेल्या टाकोमा या लेबलवर जिथे मुख्यतः अकूस्टिक गिटारवाले असायचे. कल्पना काय तर मालीमधल्या डोगोन लोकांची कथा आहे की आकाशातून, सिरियस ताऱ्याकडून, नॉमो नावाचे जीव आले. त्याने १९७३ मध्ये ब्रुकलिन म्युझियममध्ये डोगोन शिल्पांचं प्रदर्शन पाहिलेलं, आणि डोक्यात घेतलं की त्या पाहुण्यांनी आपलं संगीत इथे ठेवलं असतं तर ते कसं वाजलं असतं. ऐकायला वेडेपणा. पण ऐकशील तर कळेल की तो बँडवाला नाहीच, तो रचनाकार आहे, आठ मिनिटं एकच आकृती फिरवत ठेवून तिच्यात केसभर बदल करत राहायचं धैर्य आहे त्याच्यात. तेव्हा कोणी विचारलं नाही, २०१४ मध्ये परत निघाली तेव्हा लोक खुळे झाले. म्हणजे जो माणूस तुला 'पंकवाला' म्हणून माहितीये तो पंक करत असतानाच मनात स्वरलिपी मांडत होता. नंतर क्लासिकलकडे 'वळला' म्हणणं चूक आहे, आधीपासून तिथे उभाच होता, फक्त फोन रमोन्सचा आला.

नव्वदीच्या शेवटापासून तो लंडनमध्ये ऑर्केस्ट्राच्या कामात बुडाला, अरेंज करणं, प्रोड्यूस करणं. जोशुआ बेलचा २००३ चा 'रोमान्स ऑफ द व्हायोलिन' आहे, अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्सबरोबर, त्यातलं अरेंजिंग लिऑनचं. तिथे काम काय होतं? ऑपेरातली गाणी, पियानोचे तुकडे, हे सगळं व्हायोलिनला द्यायचं. आता गायकाचं गाणं वाद्याला देताना शब्द जातात, आणि शब्दांबरोबर श्वास घ्यायच्या जागा पण जातात. गायक ओळ संपली की थांबतो, व्हायोलिनवाल्याला थांबायची गरजच नसते, तो वाजवत सुटला तर गाणं गुदमरतं. मग तो श्वास गज उचलण्यात ठेवायचा, नाहीतर मागच्या ऑर्केस्ट्राकडून काढून घ्यायचा. आपल्याकडे गायकी अंगाने व्हायोलिन वाजवणारे हेच करतात, नाट्यपद वाजवताना बघ, 'आ'कार कुठे संपला ते तुला शब्द न ऐकता कळतं.

आणि मग २०१५ चा 'बाख टू मूग', सोनी क्लासिकलवर. मूग सिंथेसायझर, जेनिफर पाइकचं व्हायोलिन आणि क्राकोव्हची सिन्फोनिएट्टा क्राकोव्हिया. मूगवर बाख ही कल्पना नवी नाही, वेंडी कार्लोसने १९६८ मध्येच करून दाखवली होती, तेव्हाचा मूग एका वेळी एकच सूर देणारा, त्यामुळे प्रत्येक आवाज वेगळा वाजवून टेपवर थर लावायचे, घाम काढणारं काम. लिऑनने त्यात घातलं ते जिवंत ऑर्केस्ट्राला शेजारी बसवणं. खरी अडचण इथे सुरू होते. ऑर्केस्ट्रा हलतो, श्वास घेतो, एखादी ओळ किंचित ताणतो, मशीनला ताणणं माहीत नाही. दोघांपैकी कुणाला कुणाच्या मागे जायला लावायचं हा निर्णय माइकच्या आधी घ्यावा लागतो. आपल्याकडे तबल्याबरोबर लेहऱ्याचं मशीन लावून बसलेल्या कुणालाही विचार.

माझं एक कुरकुरणं पण ऐक. या कामातलं बरंचसं क्रॉसओव्हर आहे. म्हणजे लोकप्रिय तुकडे, गोड अरेंजमेंट, ज्याने क्लासिकल ऐकलं नाही त्याने पण घ्यावं असं पॅकिंग. अस्सल क्लासिकलवाले नाक मुरडतात, आणि कधी कधी मी पण. पण आपण भावसंगीतावर नाक मुरडत नाही ना, रागदारी येणाऱ्याने तीन मिनिटांचं गाणं केलं तर उलट कौतुक करतो. मग याच्यावर का मुरडायचं, हे मला स्वतःला अजून नीट उत्तर देता आलेलं नाही.

एक शब्दाचा गोंधळ पण मिटवून टाकू, कारण तो तुझ्या मित्रांच्या बोलण्यातही दिसतो. आपल्याकडे प्रोड्युसर म्हटलं की निर्माता, पैसे लावणारा, झब्बा घालून मुहूर्ताला नारळ फोडणारा. रेकॉर्ड प्रोड्युसर म्हणजे तो नाही. तो थोडा अरेंजर, थोडा रेकॉर्डिस्ट, थोडा मुनीम आणि बराचसा शाळेतला हेडमास्तर. आणि हे काम आपल्याकडे कायम होतं, फक्त नाव वेगळं होतं. मुंबईच्या सिनेमासंगीतातले गोव्याचे अरेंजर बघ. अँथनी गोन्साल्व्हिस, सबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड. चर्चच्या शाळेत लहानपणी स्वरलिपी शिकलेली, दिवसा फिल्म स्टुडिओ, रात्री हॉटेलात जॅझ, रविवारी मिसा. संगीतकाराने पेटीवर चाल ऐकवली की हे कागदावर वीस व्हायोलिनांचं करून देणार. गोन्साल्व्हिसने तर १९५८ मध्ये स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम, मन्ना डे आणि लता मंगेशकर गायला. कुणी त्यांना विचारलं नाही की बाबा जॅझ की क्लासिकल, एक काय ते ठरव. लिऑन त्याच जातीचा माणूस आहे, फक्त त्याच्या वाट्याला चाल ऐकवणारा डी डी रमोन आला. आणि तू ज्या चॅपलमध्ये जाणारेस ना, असल्याच चॅपलांमधून ही सगळी मंडळी निघाली.

आता माझी फजिती सांगतो म्हणजे तुझी टळेल. बऱ्याच वर्षांपूर्वी मला एका बुजुर्ग गायकांचा ख्याल रेकॉर्ड करायचा होता, आणि तेव्हा मी नुकता दोन रॉक बँड करून आलेलो, हात शिवशिवत होते. आवाजाला जवळ माइक, कॉम्प्रेसर, तानपुरा स्वच्छ वेगळा, तबला वेगळा, हार्मोनियमला वेगळी खोली. कानाला एकदम चकचकीत. ते आले, डोळे मिटून दहा मिनिटं ऐकलं, आणि म्हणाले, "मी मींड हळू सोडतो तिथे हा आवाज मोठा कसा होतो?" तो कॉम्प्रेसर होता. त्यांनी आयुष्यभर घासून कमावलेलं हळू होणं माझं मशीन परत वर उचलत होतं. मी काही बोललो नाही, वायरी गुंडाळल्या, दुसऱ्या दिवशी दोन माइक समोर लावून सगळ्यांना एकत्र बसवलं. रेकॉर्डिंग तेच बाहेर आलं.

उलटी चूक पण केलीय. एका मेटल बँडला मी सांगितलं, एकेक जण वाजवा, क्लिकवर (कानात टिकटिक करणाऱ्या ठेक्यावर), स्वच्छ होईल. स्वच्छ झालं. मेलं पण. चौघं एकमेकांकडे बघून वाजवत होते ते मी काढून घेतलं होतं, त्यांच्या गाण्याचा वेग कोरसला किंचित वाढायचा आणि तीच तर मजा होती.

दोन्ही वेळी चूक एकच, समोरचे लोक आपसात काय करतायत ते न ऐकता मी माझ्या सवयी लावल्या.

आता तुझं क्वार्टेट. ऑर्केस्ट्रा घेतात तशी एक पद्धत आहे, डेक्का ट्री, १९५४ मध्ये डेक्का कंपनीच्या रॉय वॉलेसने काढली. कंडक्टरच्या डोक्याच्या वर तीन माइक, एक डावा, एक उजवा, साधारण दोन मीटर अंतर, आणि एक मधे थोडा पुढे. तिन्ही चारी बाजूंनी ऐकणारे. सत्तर वर्षं झाली, सिनेमाचे स्कोर अजून असेच घेतात. तुला चौघांसाठी एवढं झाड नकोय, दोन चांगले माइक पुरतील, पण तत्त्व तेच, वाद्याला नाही, खोलीतल्या माणसांना ऐकायचं. तुझ्या ड्रम रेकॉर्डिंगमध्ये वर जे दोन ओव्हरहेड लावतोस ते हेच आहे रे. तुला येतं हे आधीच. फक्त गॅरेजमध्ये खोली शत्रू असते म्हणून तू जवळ जातोस, चॅपलमध्ये खोली पाचवा वादक आहे म्हणून लांब जा. स्टँड उंच घे, आणि हेडफोन लावून असिस्टंटला अर्धा-अर्धा फूट मागे सरकायला लाव जोपर्यंत चेलो नुसता घुमायचा थांबून नीट सूर ऐकू येत नाही. तो बिंदू असतो, सापडतो, घाई करू नकोस. त्यावर तासभर गेला तरी चालेल.

स्वरलिपी. लिऑनला येते, तुला येत नसेल. हे खरं मोठं अंतर आहे आणि मी ते लपवणार नाही. क्लासिकलमध्ये प्रोड्युसर स्कोर समोर ठेवून बसतो, प्रत्येक टेकला पेन्सिलीने खुणा करतो, कुठला बार (स्वरलिपीतलं तालाचं एक घर) कुठल्या टेकमधून घ्यायचा. जर्मनीत यासाठी टोनमाइस्टर नावाचं शिक्षणच आहे, डेटमोल्डला १९४९ पासून, संगीत आणि ध्वनिशास्त्र दोन्ही शिकवतात. तुझ्याकडे दोन आठवडे आहेत. वाजवता यायची गरज नाही, बोट ठेवून मागे जाता आलं पाहिजे. ते तुकडे रोज ऐक, कागद समोर ठेवून, बारचे आकडे बघत. नाहीतर त्यांच्यातल्याच एखाद्या शिक्षकाला शेजारी बसव आणि खुणा त्याला करू दे, त्यात कमीपणा काही नाही.

आणि एक गोष्ट तुझे क्लासिकलवाले मित्र कधी कबूल करणार नाहीत. त्यांच्या रेकॉर्ड्समध्ये पंकपेक्षा जास्त कापाकापी असते. शेकड्याने जोड, एकेका बारचे. पियानोवादक ग्लेन गूल्डने तर १९६६ मध्ये उघड उघड लिहिलं होतं की टेप कापणं हे कलेचंच काम आहे. त्यामुळे 'एका दमात वाजवलेलं शुद्ध' वगैरे ऐकून दबू नकोस. फक्त जोड लागावा म्हणून प्रत्येक टेकमध्ये वेग आणि आवाजाची पातळी सारखी राहायला हवी, माइक जागचे हलता कामा नयेत. जमिनीवर स्टँडच्या पायांपाशी टेप चिकटव आणि जेवणाच्या सुट्टीत कुणाला जवळ फिरकू देऊ नकोस.

वेळेचा हिशेब. लंडनमधल्या ऑर्केस्ट्राच्या सेशनचा साधारण नियम असा आहे की ३ तासांच्या सेशनमधून जास्तीत जास्त २० मिनिटांचं संगीत वापरायचं. रमोन्सला २९ मिनिटांना आठवडा लागला. म्हणजे सगळ्यात घाईचे म्हणून ज्यांचं नाव आहे ते ऑर्केस्ट्रापेक्षा सावकाश निघाले! तुझं क्वार्टेट दोन दिवस म्हणतंय, कार्यक्रम ४५-५० मिनिटांचा असेल, तर पहिली सकाळ माइकला, मग तीन सेशन, आणि चौथं राखून ठेव. सगळ्यात अवघड भाग दुसऱ्या दिवशी सकाळी घे, पहिल्या दिवशी संध्याकाळी मनगटं थकलेली असतात. हे पंकवाल्यांना पण लागू आहे, गायकाचा घसा ओरडून बसायच्या आत ओरडायची गाणी उरकायची असतात हे तू शिकला असशीलच.

टॉकबॅकवर, म्हणजे वादकांशी बोलायच्या माइकवर, कमी बोल. "छान, बार ४२ पासून अजून एकदा, चेलो जरा उशिरा येतोय" एवढंच. "फील येत नाहीये" असं क्वार्टेटला म्हणालास तर चौघं चार दिशांना बघतील.

पैसे आधी ठरव, गाडीभाडं आणि राहणं वेगळं. एडिटिंगचे दिवस वेगळे लाव, रेकॉर्डिंगचे दोन आणि एडिटिंगचे निदान चार. एकदा एका संस्थेसाठी मी हे लिहून न घेता काम केलं, सहा आठवडे जोडकाम करत बसलो आणि शेवटी हातात काय तर शाल आणि श्रीफळ. शाल अजून आहे.

आणि निघायच्या आधी एकदा ते चॅपल बघून ये, रात्री नाही, ज्या वेळेला रेकॉर्डिंग आहे त्याच वेळेला. पंखे बंद करून पाच मिनिटं नुसता बस. कावळे किती, मोटारसायकली किती, पावाचा सायकलवाला किती वाजता भोंगा वाजवत जातो, घंटा कधी होते, हे सगळं वहीत लिही. फ्रीज शेजारच्या खोलीत असेल तर बंद करायची परवानगी घे, आणि बंद केलास की गाडीची किल्ली त्या फ्रीजमध्ये ठेव, म्हणजे तो परत सुरू केल्याशिवाय तुला घरी जाता येणार नाही.